अर्धी शिशी

लहानपणी मला वाटायचं, घरात कुठेतरी एक शिशी आहे,
अर्धी भरलेली.
आईला अर्धशिशी आहे, म्हणायचे सगळे,
आणि मी जुन्या इंदूरच्या त्या दोन खोल्यांत
फळीवर, मोरीत, शिलाईच्या मशिनीखाली
शोधत फिरायचे.
सापडली की ओतून टाकणार होते.

आता ती माझ्याकडे आहे.
डाव्या भुवईच्या वर, बोटभर आत.

क्लॉथ मार्केटात नेमीचंदजींच्या गादीवर मी हिशेब लिहिते.
कॉम्प्युटर आला तरी लाल वही सुटलेली नाही,
तिच्या शेवटच्या पानांवर माझं खासगी खातं:
जमेला काय खाल्लं, किती झोपले,
नावेला किती दुखलं.
डॉक्टर दुराफे म्हणाल्या, तीन महिने लिहा,
गोळी देईनच, पण आधी चोर पकडू.

मार्गशीर्षातला गुरुवार. चहावर दिवस काढला.
चार वाजता ट्यूबलाइटच्या कडेला चमचमती झालर,
मग दोन हजार आठशे पन्नासमधला आठ गेला.
नुसतं भोक. बेरीज तशीच सोडून
थानांच्या मागे जाऊन बसले, खळीच्या वासात.
शनिवार. रात्री बारापर्यंत सराफ्यात, पाहुण्यांसोबत, गराडू.
रविवार. दहापर्यंत लोळले. झोप जास्त झाली तरी नावे.
बुधवार. सेठजींची नवी अगरबत्ती, गुलाब.
बुधवारीच, टेम्पोच्या काचेवरून आलेलं ऊन.
सोमवार. काही नाही. पाळी दोन दिवसांवर.

इंदुरात सल्ला आणि जिरावण कशावरही भुरभुरतात.
शेजारच्या रेटरेकरवहिनी: नाकात साजूक तूप, दोन थेंब.
सासूबाई: सुंठ उगाळून लावा, बोलू नका कुणाशी.
हमाल गब्बूलाल: बाईजी, सूरज निकलने से पहले
गरम दूध-जिलेबी, सात दिन.
गेले. शाल पांघरून, अंधारात, कढईसमोर.
सहा दिवस दुखलं नाही. सातव्या दिवशी दुखलं.
वजन मात्र दीड किलो जमा.
डॉक्टर हसल्या. जिलेबीत काही नसेल हो,
पण रोज एकाच वेळी उठलात,
उठल्या उठल्या पोटात काही गेलं,
ते लिहून ठेवा.

ताळा करताना मध्येच थांबले.
आई सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. तीन वाजता.
ती यायची साडेतीनला.
रुमाल करकचून, खिडकीला सतरंजी,
आम्ही बाहेर पायांच्या चवड्यांवर.
कुणी विचारलं नव्हतं तिला, जेवलीस का.
मीही नाही. मी शिशी शोधत होते.
ती जाऊन नऊ वर्षं झाली, आणि हा हिशेब
आत्ता जुळतोय.

मग सेठजींना म्हटलं, ही ट्यूब फडफडते, बदला.
अकरा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं.
इतनी-सी बात? म्हणाले, आणि दुपारी बदलली.
अगरबत्ती मात्र देवाची, ती राहिली. मी जागा बदलली.
एक वाजता डबा उघडते, गिऱ्हाईक उभं असलं तरी.
तांब्याभर पाणी गल्ल्याशेजारी.
दहाला दिवा बंद, लग्नघरीसुद्धा.

महिन्याला अकराची चार झाली.
परवा पाचवी आली. जेवले होते, झोपले होते,
ऊन नव्हतं, वास नव्हता, कुणाशी भांडणही नाही.
जमेची बाजू कोरी.
सेठजी म्हणतात, खातं पैशाला पैसा जुळलं पाहिजे.
हे नाही जुळत. उलटी करून, गोळी घेऊन
अंधारात पडून राहिले, आईसारखी,
फक्त रुमाल जरा सैल.

आज शाल्मली शाळेतून आली.
दप्तर भिरकावलं, डावं कपाळ चोळलं,
म्हणाली, काही नाही गं, उन्हानं.
ओट्यावर तिची पाण्याची बाटली. अर्धी.
डबा उघडला, पोळी तशीच.

वही पिशवीत होती. काढली नाही.
आधी ताट वाढलं,
आणि ती जेवून होईपर्यंत
समोर बसून राहिले.